चपलांजवळची जागा

"ज्यांना प्रार्थना करायची नसेल त्यांच्यावर सक्ती नाही," प्राचार्य माइकवर म्हणाले. "त्यांनी तिकडे चपलांजवळ उभं राहावं. कुत्री फार झालीत, एखादी चप्पल ओढून नेतात. लक्ष तरी राहील. तेवढीच सेवा."

लोक हसले. पोर्चमध्ये रांगा करून उभ्या असलेल्या मुली हसल्या, मागचा स्टाफ हसला. प्राचार्यही हसले. त्यांच्या मते तो विनोद होता, सकाळच्या वेळी वातावरण हलकं करणारा.

मी रांगेतून बाहेर पडले होते. एकटीच. पाऊल उचललं होतं आणि ते कुठं ठेवायचं हे माझं मलाच ठरवता आलं नव्हतं. त्यांनी जागा दाखवली. मी गेले आणि चपलांजवळ जाऊन उभी राहिले.

सँडल, चपला, बूट. पट्टा तुटून शिवलेली एक चप्पल. घामाचा वास, तापलेल्या रबराचा वास. समोर सगळे डोळे मिटून, हात जोडून उभे, आणि मी त्यांच्या पायताणांची राखण करते आहे. मान वर करायची की खाली, हेही कळेना. कानशिलं नुसती जळत होती.

माझे आजोबा गावात मेलेली ढोरं ओढायचे. लग्नाच्या पंगतीत त्यांना जागा मिळायची ती मांडवाबाहेर, जिथं पाहुण्यांच्या वहाणा पडलेल्या असायच्या तिथं. मग एका दसऱ्याला ते पायी नागपूरला आले, पांढरे कपडे घालून लाखोंच्या गर्दीत मैदानावर बसले, दीक्षा घेतली आणि गावी परतले. त्यानंतर ते कुणाच्या पंगतीला गेले नाहीत, बोलावलं तरी.

आणि त्यांची नात, शिकलेली, सरकारी ओळखपत्र गळ्यात घातलेली, पुन्हा तिथंच.

प्राचार्यांच्या मनात तसलं काही नव्हतं, असं मला नंतर खूप जणांनी सांगितलं. नसेल. मनात काही नसताना जिभेवर नेमकी तीच जागा येते, याचाच मला राग आहे.

मी नागपुरातल्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत मुलींना वायरमनचं काम शिकवते. स्विचचे बोर्ड भरणं, घराची वायरिंग, मोटरची जोडणी. कंत्राटी आहे. दर उन्हाळ्यात नवी ऑर्डर निघते आणि ती प्राचार्यांच्या शेऱ्यावर निघते. त्यांनी काम समाधानकारक आहे असं लिहिलं, तर पुढच्या वर्षी मी आहे. नाही लिहिलं, तर नाही. घरात मी आणि आई. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राखेच्या कामावर होते, ते आता नाहीत. घर माझ्या एकटीवर चालतं.

मी शिकवते त्या वर्कशॉपमध्ये दोन नियम आहेत. पहिला, पायात रबरी तळव्याचे बूट हवेत, त्याशिवाय आत यायचं नाही. दुसरा, कोणी सांगितलं म्हणून वायरला हात लावायचा नाही. "मॅडम, मेन बंद आहे" असं कोणीही म्हणो, मीही म्हणो, तरी स्वतः टेस्टर लावायचा, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच हात घालायचा. नव्या मुलींना मी पहिले काही दिवस दुसरं काही शिकवतच नाही.

पावसाळा संपता संपता वरून परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांच्या मनःशांतीसाठी आणि संस्कारांसाठी दिवसाची सुरुवात सामूहिक प्रार्थनेनं व्हावी, याला संस्थांनी प्रोत्साहन द्यावं. सहभाग ऐच्छिक.

ऐच्छिक. वाचायला किती साधा शब्द. राष्ट्रगीत आमच्याकडे आधीपासून व्हायचं, संविधानाची उद्देशिकाही. दोन्ही मी खड्या आवाजात म्हणते, ताठ उभी राहून. त्यात मी आहे, माझ्या वर्गातली प्रत्येक मुलगी आहे. कोणाला बाजूला काढावं लागत नाही. आता त्यांच्या मागोमाग प्रार्थना आली. पोर्चमध्ये टेबल आलं, त्यावर सरस्वतीची तसबीर, समई, उदबत्ती. पायताण काढून उभं राहायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे. प्रार्थना सगळ्यांची आहे, असं प्राचार्य म्हणाले. कोणाची आहे हे टेबलाकडे बघून कोणालाही कळलं असतं.

पहिल्या दिवशी मी काय केलं? बुटांच्या नाड्या सोडल्या, अनवाणी रांगेत उभी राहिले आणि ओठ हलवले.

ही कला आहे आमच्या घरात. मी लहान होते, महापालिकेच्या शाळेत नुकतीच जायला लागले होते. आईला विचारलं, आपण देवाले हात जोडत नाही, मग शाळेत काहून जोडाचे? आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ओठ हालव. आवाज काढू नको. बाईले वाटते पोरगी म्हणून राहिली, अन् आपलं मन मोकळं."

मी शिकले. पटाईत झाले. कोणत्या शब्दाला तोंड किती उघडायचं, कडव्याच्या शेवटी मान कुठं झुकवायची, सगळं जमायला लागलं. शाळाभर, पुढे प्रशिक्षणात, पुढे कुठल्याही समारंभात दिवा लागला की माझे ओठ आपोआप सुरू व्हायचे. मला त्याचं काही वाटायचंही नाही. माणूस रस्त्यातला खड्डा चुकवतो, तसं.

मग निलोफरनं मला पकडलं.

निलोफर माझ्या वर्गातली. हुशार, हाताला वेगळीच सफाई. पाना धरला की बघत राहावं असं काम. प्रार्थना सुरू होऊन काही दिवस झाले होते. वर्कशॉपमध्ये ती बोर्ड भरत होती, मी शेजारी उभी होते. ती खाली मान घालून स्क्रू फिरवत हळूच म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? तुम्ही नुसते ओठ हलवता ना?"

मी तिच्या बोर्डकडे बघत राहिले.

"मी पण तेच करते," ती म्हणाली. "तुमच्याकडे पाहूनच शिकली. आधी मले टेन्शन होतं, काय करावं म्हणून. मंग तुमच्याकडे पाहिलं. म्हटलं, हे बरं हाय."

ती हसली. सोबतीण मिळाल्यासारखी.

मला हसता आलं नाही. मी तिला म्हटलं, काम कर. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले, उगाच वायरचं भेंडोळं उचललं आणि परत ठेवलं. दिवसभर या पोरींना सांगते, दुसऱ्याच्या शब्दावर हात घालू नका, स्वतः तपासा. आणि माझ्याकडून ही काय शिकली? ओठ हलवायला. आईनं मला दिलं, मी निलोफरला दिलं, उद्या ती तिच्या लेकीला देईल. चुलीपुढून वर्कशॉपपर्यंत आलं ते, आणि पुढेही असंच जाणार.

आईनं शिकवलं तेव्हा तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. वस्तीतली बाई, नवरा राखेत, पोरगी सरकारी शाळेत. तिला भांडण परवडत नव्हतं. माझ्याजवळ काय नाही? शिक्षण आहे, हातात काम आहे, तोंड आहे. मग मी का?

दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत झालं, उद्देशिका झाली, समई पेटली आणि मी रांगेतून बाहेर पडले. पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

चपलांजवळ मी एकटी फार दिवस राहिले नाही. एका सकाळी निलोफर आली. मग तिच्यासोबतची आणखी एक. आम्ही एकमेकींकडे बघायचो नाही. प्रार्थना संपली की मुली धावत यायच्या, आमच्या पायांजवळ वाकून आपापल्या चपला शोधायच्या. "सरका ना मॅडम." त्यांचं काही चुकत नव्हतं. चपला तिथंच होत्या.

हळूहळू नाव पडलं. जिन्याखाली बोलणाऱ्या मुलींकडून मीच ऐकलं. चप्पल बॅच. कोण कोण चप्पल बॅचमध्ये, आज चप्पल बॅचला उशीर झाला. वर्कशॉपमध्येही ते शिरलं. एका मुलीनं निलोफरसोबत जोडीनं काम करायला नकार दिला. कारण विचारलं तर म्हणाली, "काही नाही मॅडम, असंच." आधी याच दोघी एका डब्यात जेवायच्या.

बघा, परिपत्रकानं कोणाला काही म्हटलं नव्हतं. शिवी नाही, सक्ती नाही. त्यानं फक्त रोज सकाळी एक रेघ ओढायला सांगितली. इकडे असणारे इकडे, नसणारे तिकडे. सरकार नुसतं प्रोत्साहन देतं. पुढचं लोक करतात.

सुषमा माझी मैत्रीण. ती शिवणकाम शिकवते. सक्करदऱ्याची, विणकरांच्या घरातली. तिचे आजोबा हातमागावर लुगडी विणायचे, आता घरात माग नाही. सुषमा गुरुवार करते, उपवास करते, तिच्या पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी असते. एकदा मी तापानं फणफणले होते, तेव्हा तिनं माझ्या कपाळाला न विचारता अंगारा लावला होता आणि मी लावू दिला होता. त्यात प्रेम होतं. मला प्रेम कळतं.

गेटसमोरच्या टपरीवर आम्ही तिखट तर्री घातलेले पोहे खात होतो. ती म्हणाली, "हात जोडले तर काय बिघडते वं तुह्यं?"

"तुले माहीत हाय मी काहून जोडत नाही."

"हाव, माहीत हाय. पण देव काय एकट्या आमचाच हाय का? मनाले शांती भेटते. माह्यं तर सकाळी तेवढं झालं की दिवस चांगला जाते."

"मंग कर ना तू. तुले कोणी अडवलं?"

"तुले त्या चपलांपाशी पाहून मले कसंतरी होते," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, की तर्रीचा ठसका लागला होता, मला माहीत नाही. "उन्हाळ्यात तुही ऑर्डर हाय. सायबाच्या हातात हाय सारं. कशाले उगाच?"

"सुषमा, तू घरी पूजा करतं. मी कधी काही म्हटलं?"

"नाही."

"तुह्या देवाले सरकारच्या माइकची गरज हाय का?"

ती तर्री संपवत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक गोष्ट केली. प्रार्थनेच्या आधी सगळे आमच्यासमोर चपला काढायचे, तेव्हा ती पोर्चच्या पलीकडे, खांबामागे जाऊन काढायची आणि प्रार्थना संपली की तिथंच घालायची. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ती रांगेत उभी राहत होती, हात जोडत होती, पण माझ्यासमोर चप्पल काढत नव्हती. एवढंच. मी ते विसरणार नाही. आणि ती रांगेतून बाहेर आली नाही, हेही विसरणार नाही.

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला.

"मॅडम, तुम्ही मनाला फार लावून घेतलंत."

"सर, आम्हाला चपलांजवळ उभं करणं बंद करा."

"अहो, मी गमतीनं म्हटलं होतं. बरं, मला सांगा, मागच्या वर्षी आपल्या एका मुलीनं विष घेतलं. आठवतं ना? ही पोरं आतून एकटी आहेत. पाच मिनिटं डोळे मिटून उभी राहिली तर कोणाचं काय जातं?"

आठवत होतं. मी त्या मुलीच्या उशाशी बसले होते. ती वाचली आणि घरी गेली, परत आली नाही. त्या आठवणीनं मी जरा ढिली पडले. मग म्हटलं, "सर, तेव्हा आपण मुलींशी बोलायला समुपदेशक मागितली होती. ती अजून आली नाही."

"ते वरच्या हातात आहे."

"प्रार्थनाही वरूनच आली, सर. ती लगेच आली."

ते थोडा वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "असं करू. सगळ्यांचीच घेऊ. गुरुवार तुमचा. शुक्रवार त्या मुस्लिम मुलींचा. बाकीचे दिवस आहे ते चालू. सर्वधर्मसमभाव! आता तर तक्रार नाही?"

खोटं कशाला बोलू, बाहेर आल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. आमचाही दिवस. माइकवर आमचाही आवाज. माझ्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर, असंही मनात आलं. मग जिना उतरता उतरता वाटायला लागलं की काहीतरी चुकतं आहे. काय ते सापडेना.

गुरुवारी सकाळी सापडलं.

टेबलावर सरस्वतीच्या शेजारी बुद्धाची तसबीर होती. नवी कोरी, बर्डीच्या बाजारातून आणलेली, चकचकीत फ्रेमची. आणि तिच्यावर कुंकू. काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, बोटभर लाल टिळा. खाली हळद. झेंडूचा हार. ताटात निरांजन, कापूर, अक्षता. पायरीवर शिपायानं नारळ आपटला, तो फुटला आणि पाणी माझ्या बुटांवर उडालं.

ज्यांनी मांडलं त्यांनी भक्तिभावानं मांडलं होतं. त्यांना ठाऊकच नव्हतं की आमच्यात कुंकू नाही, नारळ नाही, ओवाळणं नाही. त्यांनी आपल्या रांगेत आणखी एक देव बसवला होता आणि आम्हाला मान दिला होता. आजोबांनी जे सगळं त्या मैदानावर सोडलं, ते इथं ताटात घालून सरकारी खर्चानं मला परत केलं होतं.

"आज मॅडमच्या धर्माचा दिवस," प्राचार्य माइकवर म्हणाले. "या मॅडम, आज तिकडे उभं राहायचं नाही. आज तुमचा मान. या, आरती करा. बोला, बुद्ध भगवान की..."

"जय," काही जणी म्हणाल्या.

मी जागची हलले नाही. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून पल्लवी निघाली. पल्लवी माझ्याच वर्गातली. कपाळाला गंध लावणारी, प्रार्थना सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारी. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती खाली मान घालून चालत आली आणि माझ्या शेजारी चपलांजवळ उभी राहिली.

"तू इथं काहून आली?" मी विचारलं.

"आज आमचा दिवस नाही ना मॅडम," ती म्हणाली. "घरी म्हणते, दुसऱ्याच्या पूजेत उभं नाही राहाचं. मंग इकडंच याचं ना?"

मागच्या रांगेत कोणीतरी खिदळलं. "पल्लवी चप्पल बॅच!" पल्लवीचे कान लाल झाले. मी तिच्याकडे पाहिलं. ते लाल कान मला ओळखीचे होते. ते माझे होते, त्या पहिल्या सकाळचे.

तेव्हा मला कळलं. मला इतके दिवस वाटत होतं, आम्हाला तिथून उठवा. आता आमची पाळी आली तर ही पोरगी तिथं. उद्या निलोफरची पाळी, तेव्हा मी आणि पल्लवी. जागा तीच. माणसं बदलायची. न्याय म्हणून त्यांनी चपलांजवळ उभं राहण्याच्या पाळ्या वाटल्या होत्या, आणि मी त्यात आपली पाळी घेऊन खूश होणार होते. केबिनबाहेर बरं वाटलेल्या त्या क्षणाची मला शिसारी आली.

मी पल्लवीचा हात धरला आणि टेबलाकडे गेले. पायात बूट होते, काढले नाहीत. ओढणीच्या टोकानं काचेवरचं कुंकू पुसलं. हळू, फ्रेमला धक्का न लावता. मग माइक घेतला.

"सर, ही आमची पद्धत नाही. आमच्यात बुद्धाकडे काही मागत नाहीत, त्याला ओवाळत नाहीत. पण तुम्ही बरोबर केलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. माझी वंदना माझ्या घरची आहे. ती मी सरकारच्या माइकवर म्हणणार नाही. पल्लवीनं तिचा देव घरी पुजावा, देवळात पुजावा. निलोफरनं नमाज पढावी. कोणी काहीच करू नये. मला त्यात काही म्हणायचं नाही. पण या पोर्चमध्ये, सरकारच्या हुकमानं, आजपासून कोणी चपलांजवळ उभं राहणार नाही. मी नाही, आणि ही पण नाही."

मी पल्लवीला म्हटलं, "रांगेत जा." ती गेली. निलोफरला म्हटलं, "तू पण." ती पण गेली.

माइक बंद झाला. कोणी बंद केला ते मी पाहिलं नाही.

केबिनमध्ये या वेळी चहा नव्हता. बसायलाही सांगितलं नाही.

"शिस्तभंग आहे हा. भावना दुखावल्यात तुम्ही. आम्ही तुमच्यासाठी एवढं केलं आणि तुम्ही..." ते खरंच दुखावले होते, त्यांचा आवाज सांगत होता. "सोमवारपर्यंत लेखी माफी द्या. उन्हाळ्यात ऑर्डर निघते, लक्षात आहे ना?"

"आहे सर."

"मग विचार करा."

संध्याकाळी घरी गेले. आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकत गेली, निवडत गेली. शेवटी म्हणाली, "दे ना लिहून. कागदच हाय. तिथंबी ओठच हालवाचे हाय."

"नाही देणार मी."

"नोकरी गेली मंग?"

"गेली तर गेली."

"तुह्या बापानं राखेत जलम काढला, तुले खुर्चीवर बसाले भेटावं म्हणून," ती म्हणाली. आवाज चढला. "गेली तर गेली म्हणते! तोंड चालवाले काय लागते?"

मला राग आला आणि रडूही आलं. ती चुकत नव्हती. तिनं जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही. घरात दुसरी कमाई नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग दिवेलागण झाली. आईनं सूप बाजूला ठेवलं, हातपाय धुतले, पांढरं लुगडं नेसली आणि भिंतीवरच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली. तिनं वंदना सुरू केली. माझ्या आईचा आवाज खणखणीत आहे. त्रिशरण म्हणायला लागली की शेजारपाजारची पोरं आपापल्या घरात मागोमाग म्हणायला लागतात. तिला कोणी प्रोत्साहन दिलेलं नाही. परिपत्रक आलेलं नाही. ती रोज म्हणते.

मी तिच्या शेजारी बसून म्हणत होते आणि मनात एकच चाललं होतं. एवढा आवाज असलेल्या बाईला आपल्या लेकीला मुकं व्हायला शिकवावं लागलं. तिच्यावर माझा राग नाही. ज्यांनी तिच्यावर ती वेळ आणली, त्यांना मी माफी लिहून देऊ?

वंदना झाली. आई उठता उठता म्हणाली, "मी शिकवलं ते चुकलं का वं?"

"नाही," मी म्हटलं. "तवा तेच जमत होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सूप ओढून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. लिहून दे, असं त्यानंतर ती म्हणाली नाही. लिहू नको, असंही म्हणाली नाही.

शुक्रवारी, शनिवारी पोर्चमध्ये टेबल लागलंच नाही. सोमवारी मी माफी नेली नाही. बूट नेले, पायात. राष्ट्रगीत झालं, उद्देशिका झाली. समई पेटली. मुली चपला काढायला वळल्या. मी माझ्या वर्गाच्या रांगेच्या पुढे, शिकवणारी उभी राहते तिथं, उभी राहिले.

प्राचार्यांनी माइकवरून बघितलं. "मॅडम, पायताण."

"सर, वायरमनचे बूट आहेत. कामावर काढत नाहीत."

विहारात जाताना मी चपला काढते. दर्ग्याच्या दारातही काढते, सुषमाच्या देवघरातही काढते. कोणाला सांगावं लागत नाही. हा पोर्च आहे. इथं फेज आहे, न्यूट्रल आहे, डोक्यावर माझ्या मुलींनी बसवलेला पंखा आहे. इथं मी कामाला येते.

प्रार्थना सुरू झाली. मी हात खाली सोडले, डोळे उघडे ठेवले, ओठ मिटले. हलू दिले नाहीत. लहानपणापासूनची सवय, आपोआप हलायला बघत होते. मी दात घट्ट आवळले. शेजारी निलोफर, तिचेही ओठ मिटलेले, हात खाली. तिच्या मागे पल्लवी, हात जोडून, मोठ्यानं म्हणत. दोघी एकाच रांगेत. सुषमा तिकडे डोळे मिटून उभी होती. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं असेल, नसेलही. मी तिकडे पाहिलं नाही.

उन्हाळा अजून यायचा आहे. शेरा त्यांच्या हातात आहे. काय लिहायचं ते त्यांनी लिहावं. मला बोर्ड भरता येतो, मोटर जोडता येते. या शहरात कोणाच्या ना कोणाच्या घरी रोज फ्यूज उडतो. उपाशी मरणार नाही. आणि मेले तरी ओठ हलवून जगणार नाही.

कुत्री आली त्या सकाळी. एकानं एक चप्पल ओढून नेली. चपलांजवळची जागा रिकामी होती. ती रिकामीच राहील. मी इथं आहे तोवर माझ्या अंगावरून जाऊन त्यांनी तिथं कोणाला उभं करून दाखवावं. मला काढलं, तर रोज सकाळी राष्ट्रगीताच्या वेळेला मी गेटबाहेर बूट घालून उभी असेन, आणि चपलांजवळ कोणी उभं दिसलं, तर आत येईन.